दिवा नसलेलं खोरं

मित्रांनो, भिंतीवर टांगलेले नकाशे तुम्ही पुष्कळ पाहिले असतील. कागदी, गुंडाळून कोपऱ्यात उभे करता येणारे. मी तसला नाही. मी आडवा आहे, चार माणसांनी मिळून उचलावा इतका जड आहे, आणि माझ्यावरून हात फिरवलात तर बोटांना डोंगर लागतात. मी एक जुना उठावाचा नकाशा आहे. अख्खा देश माझ्या अंगावर पसरलेला आहे. दूरदूरच्या प्रवाशांना त्याची ओळख करून देण्यात माझं आयुष्य गेलं. ते एकट्याने नाही गेलं. माझ्याशेजारी उभी राहून एक बाई हा देश लोकांना समजावून सांगायची. तिच्यापासून माझी गोष्ट वेगळी काढायला गेलं, तर हातात नुसतं प्लॅस्टर उरेल.

माझा जन्म एका मूर्तिकाराच्या कारखान्यात झाला. त्याने प्लायवुडचे वेडेवाकडे तुकडे कापून एकावर एक चिकटवले, त्यांवर कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर थापलं आणि कोरणीने नद्या काढल्या. जंगलांसाठी त्याने लाकडाचा भुसा हिरवा रंगवून घेतला. वाळवंटासाठी खरी वाळू हवी होती, म्हणून त्याची बायको घरातल्या पिठाच्या चाळणीने वाळू चाळत बसली. ती चाळणी पुन्हा स्वयंपाकघरात गेली नाही, आणि नवी येईपर्यंत मूर्तिकाराला रोज जेवताना बोलणी खावी लागली.

काम अर्ध्यावर आलं तेव्हा प्रवासी माहिती केंद्राचे साहेब बघायला आले. माझे डोंगर त्यांना बुटके वाटले. प्रवाशांचे डोळे दिपले पाहिजेत, जरा उंच करा, असं त्यांनी सांगितलं. मूर्तिकार म्हणाला की डोंगर उंच करतो, पण मग दऱ्याही तेवढ्याच खोल होतील. साहेबांना दऱ्यांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी मान डोलावली. त्यामुळे माझी खोरी खऱ्या खोऱ्यांपेक्षा खोल झाली.

रेल्वे स्टेशनाशेजारच्या माहिती केंद्रात मला ठेवलं गेलं. उंच खिडक्यांची मोठी खोली होती. भिंतीलगत बाकं, एका बाजूला काचेचं टेबल, माहितीपत्रकांची मांडणी, आणि मधोमध मी. बघण्यासारख्या प्रत्येक जागी माझ्या अंगात एक चिमुकला दिवा बसवला होता आणि माझ्या कडेने बटणं होती. गुहांचं बटण दाबलं की गुहांचा दिवा लागायचा, जुन्या राजधानीचं दाबलं की राजधानीचा. लहान मुलं आली की दोन्ही हातांनी सगळी बटणं एकदम दाबायची आणि अख्खा देश उजळायचा. मला ते फार आवडायचं. साहेबांना बल्बांची काळजी वाटायची.

ती बाई कामाला लागली तेव्हा अगदी तरुण होती. तिचं खरं नाव हजेरीच्या वहीतच राहिलं. सगळे तिला माहितीताई म्हणत. तिला परक्या भाषा येत होत्या, पण तिची खरी करामत निराळी होती. ती पाठ केलेलं बोलायची नाही. प्रवाशाचा हात धरून ती माझ्या उत्तरेकडच्या बर्फाच्या डोंगरांवर ठेवायची आणि विचारायची, की गार लागतंय का? प्लॅस्टरच ते, गार कुठून लागणार? पण लोक हसत हसत हो म्हणायचे. मग ती त्यांना खाली वाळवंटात आणायची आणि डोक्याला ओला रुमाल बांधल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नका असं बजावायची. जंगलातला लाकडी पूल, समुद्रकाठचे काळे कडे, हजारो वर्षांपूर्वीच्या रंगीत गुहा, उंच खांबांचा प्राचीन महाल. कुठे कोणत्या गाडीने जायचं, कुठे उतरायचं, उतरल्यावर डावीकडे वळायचं की उजवीकडे, हे ती असं सांगायची की ऐकणाऱ्याला आपण अर्ध्या वाटेवर पोचलोच आहोत असं वाटायचं. परत जाताना लोक मुद्दाम तिला भेटून जायचे. 'तुम्ही सांगितलं होतं अगदी तसंच निघालं,' असं म्हणायचे. ते माझीही तारीफ करायचे. त्या दिवसांत माझ्यावर धूळ म्हणून बसली नाही. केंद्राच्या सफाईवाल्या मावशी मऊ ब्रशने रोज सकाळी मला डोंगरापासून समुद्रापर्यंत साफ करायच्या.

माझ्या मध्यभागी दोन डोंगररांगा जवळ येतात. तिथे एक नदी मोठं वळण घेते. त्या खोल खोऱ्यात दिवा नव्हता. ते माहितीताईचं गाव होतं.

मला हे कळलं ते एका दुपारी. दोन दिवे शिल्लक राहिले होते, तेव्हा आणखी कोणत्या जागा दाखवाव्यात असं साहेबांनी सगळ्यांना विचारलं होतं. जो तो आपापलं सुचवत होता. माहितीताई मात्र गप्प होती. जेवणाच्या सुट्टीत मावशींनी तिला टोकलं, की तुमच्या गावाला त्या कोरीव पायऱ्या आहेत म्हणता ना, मग बोलला का नाहीत? तेव्हा तिने माझ्या कडेवर कोपर टेकून सगळं सांगितलं. गावाच्या नदीकाठाला फार जुन्या दगडी पायऱ्या होत्या. कोणे एके काळी तिथून व्यापारी नदी ओलांडायचे, आणि ओलांडण्याआधी प्रत्येक जण पायरीच्या कडेवर आपली होडी कोरून ठेवायचा. शेकडो होड्या होत्या तिथे. कुणी राजाने बांधलेलं नव्हतं, कुठल्या पुस्तकात नव्हतं. तिचे वडील तिथेच नाव चालवायचे.

'आपल्याच घराचं कौतुक आपण कसं करायचं, मावशी?' ती म्हणाली. 'लोक म्हणतील, वशिला लावला.'

लोकांना असला संकोच नव्हता. दोनांपैकी एक दिवा साहेबांच्या सासुरवाडीजवळच्या गरम पाण्याच्या झऱ्याला मिळाला.

पुढच्या उन्हाळ्यात तिचे वडील मुलीची नोकरी बघायला आले. धुतलेला सदरा, पायांत नवे जोडे, आणि त्या जोड्यांची सवय नसल्यामुळे जरा लंगडती चाल. केंद्रात तेव्हा प्रवाशांची गर्दी होती. ताईने त्यांना बाकावर बसवलं. ते बसले, आणि आपली मुलगी दोन-दोन भाषांत बोलते, मोठमोठी माणसं तिच्या पुढे कान देऊन उभी राहतात, हे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी विसरणार नाही.

गर्दी पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. नदी समुद्राला मिळते तिथे त्यांनी बोट ठेवलं आणि नदीच्या उलट दिशेने सावकाश वर नेलं. नावाड्याचं बोट ते, वाट चुकणार नव्हतं. वळणावर आल्यावर ते थांबले.

'हे आपण,' ते म्हणाले. 'आपल्याला दिवा नाही?'

ताई काही बोलणार, इतक्यात एक प्रवासी जोडपं परत आलं. ह्या आजोबांनी बोट कुठे ठेवलंय, असं त्या प्रवासी बाईने कौतुकाने विचारलं. काचेच्या टेबलापाशी साहेब उभे होते. ताईने त्यांच्याकडे पाहिलं, वडिलांच्या नव्या जोड्यांकडे पाहिलं आणि वडिलांना न कळणाऱ्या भाषेत ती पटकन म्हणाली, 'एक छोटं खेडं आहे. बघण्यासारखं काही नाही.' जोडपं हसून निघून गेलं.

'काय म्हणालीस त्यांना?' वडिलांनी विचारलं.

ताई म्हणाली, 'म्हटलं, हे माझं गाव आहे. तिथल्या पायऱ्या बघायला नक्की जा.'

त्यांनी नुसती मान हलवली आणि खोऱ्यावरून एकदा तळहात फिरवला. मुलांनो, इतक्या हातांनी मला स्पर्श केला, पण इतका हलका हात दुसरा नव्हता.

खोटं बोलताना तिला वाटलं असेल, की म्हाताऱ्या माणसाला बरं वाटावं, बस. पण वडील गावी गेले आणि त्यांनी सगळ्यांना सांगितलं, की आपली पोर मोठ्या शहरात लोकांना आपल्या गावाचं सांगते, आता प्रवासी येतील. त्यांनी नाव नव्याने रंगवली. रोज सकाळी पायऱ्या घासून धुवायला लागले, होड्यांच्या खाचांत साचलेली माती काडीने काढायला लागले. बसायला बाकडं केलं. ताई सुट्टीला घरी गेली तेव्हा तिला हे दिसलं. 'अजून कुणी आलं नाही,' वडील तिला म्हणाले होते, 'पण लांबून यायचं म्हणजे वेळ लागणारच.' परत आल्यावर हे मावशींना सांगताना तिला रडू आवरेना. मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, की रडून काय होणार, साहेबांकडे जा आणि दिवा मागा.

ती दुसऱ्याच दिवशी गेली. साहेबांना माझ्यापाशी घेऊन आली. पायऱ्यांचं, होड्यांचं, व्यापाऱ्यांचं सगळं तिने त्यांना सांगितलं. इतकं छान ती प्रवाशांनाही कधी बोलली नव्हती. मग तिने वळणावर बोट ठेवलं. साहेबांनी तिच्या बोटाकडे पाहिलं आणि चष्मा काढला.

'बाई, तुम्हाला अजून कळलं नाही का?' ते हळू आवाजात म्हणाले. 'खाली धरण मंजूर झालंय. हे खोरं पाण्यात जाणार आहे.'

साहेब वाईट नव्हते. ते तिच्याबरोबर धरणाच्या कार्यालयात गेले. त्याच धरणाच्या पाण्यात उंच खांबांचा तो प्राचीन महालही जाणार होता, आणि त्याचा एकेक दगड काढून, क्रमांक घालून, वरच्या पठारावर तो पुन्हा उभा करायचं आधीच ठरलं होतं. पायऱ्यांचे दगडही तसेच हलवा, एवढंच ताईचं म्हणणं होतं. तिथल्या अधिकाऱ्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग तिला एकच प्रश्न विचारला, की ही जागा इतकी मोलाची आहे तर तुमच्याच केंद्राने आजवर एकाही प्रवाशाला तिकडे का पाठवलं नाही? साहेबांनी ताईकडे पाहिलं. पायऱ्यांचा विषय तिथेच संपला. परत आल्यावर ती माझ्याशेजारी बराच वेळ उभी होती. समोर माणसं खोळंबली होती.

मित्रांनो, माझ्या अंगावर एक दिवा जास्त असता तर धरण थांबलं असतं, असं मी म्हणणार नाही. चिमुकल्या बल्बाने नद्या अडत नाहीत आणि सुटतही नाहीत. पण ते दगड हलले असते. कदाचित हलले असते. त्या 'कदाचित'नेच तिला पुढे कधी नीट झोप लागू दिली नाही.

गाव उठवायची वेळ आली तेव्हा ती सामान बांधायला घरी गेली. वडील पायऱ्यांवर होते, ब्रश घेऊन. तिथेच तिने त्यांना खरं सांगून टाकलं. ती खरं तर काय म्हणाली होती ते, आणि नंतर काय सांगितलं ते. त्यांनी ब्रश पाण्यात बुचकळला, झटकला, खाली ठेवला.

'मी अख्ख्या गावाला सांगितलं होतं,' एवढंच ते म्हणाले.

नव्या वस्तीकडे जाताना ट्रकमध्ये पुढे ड्रायव्हरजवळ जागा होती. ते पुढे बसले नाहीत. मागे भांड्यांच्या पोत्यांवर बसून गेले. त्यानंतर खूप दिवस त्यांनी मुलीशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. त्यांनी राग राग केला असता तर तिला बरं वाटलं असतं, असं ती मावशींना म्हणायची.

पाणी चढलं. मग माझ्यातही ते दाखवायला हवं होतं. मला घडवणारा मूर्तिकार तोवर राहिला नव्हता. साहेबांनी एक रंगारी बोलावला. तो हसतमुख माणूस होता. शीळ घालत त्याने बादलीत प्लॅस्टर कालवलं. त्याने ओतायला बादली उचलली तेव्हा ताईने त्याला जरा थांबायला सांगितलं. तिने खोऱ्यात हात घातला. मूर्तिकाराने साहेबांच्या हट्टापायी खोल केलेली ती जागा, तिचा पंजा त्यात बरोबर मावला. रंगाऱ्याला काही समजलं नाही, पण त्याची शीळ थांबली. मग तिने हात काढून घेतला आणि तो पुढच्या कामाला लागला. प्लॅस्टर वाळलं, त्यावर निळा रंग चढला. माझं वजन वाढलं. तो भाग आजही मला माझा वाटत नाही.

पुढची गोष्ट सांगायला मला जड जातं. तो तलाव प्रवाशांना फार आवडला. डोंगरांच्या कुशीत निळंशार पाणी, बोटी, संध्याकाळचे रंग. मोठं पोस्टर आलं, माझ्यात निळा दिवा बसला, आणि त्याचं बटण सगळ्यात जास्त दाबलं जाऊ लागलं. तिथे कसं जायचं, हे माहितीताईला दिवसभर सांगावं लागायचं. ती सांगायची. काम होतं तिचं. पण तलावाकडे आली की ती कुणाचा हात धरायची नाही.

आणि तलावावर बोट चालवायला तिथल्या पाण्याची माहिती असलेला माणूस हवा होता. तिचे वडील नारिंगी जाकीट घालून इंजिनाची बोट चालवू लागले. ज्यांची त्यांनी इतकी वाट पाहिली होती, ते प्रवासी आता त्यांच्याकडे रांग लावून येत होते.

एकदा ताई न कळवता तिथे गेली. सगळ्यांच्या मागे रांगेत उभी राहिली आणि बोटीत बसली. वडिलांनी तिला पाहिलं आणि बोट सोडली. बोट मध्यावर आली तेव्हा त्यांनी इंजिन बंद केलं. थोडं अंतर बोट नुसती तरंगत गेली. प्रवाशांनी डोंगरांचे फोटो काढले. मग इंजिन पुन्हा सुरू झालं. काठावर उतरल्यावर ताईने विचारलं, की तिथे इंजिन का बंद करता?

'खाली घरं आहेत,' ते म्हणाले. 'डोक्यावरून आवाज करत जायला बरं वाटत नाही.'

'मग ह्या लोकांना सांगत का नाही, बाबा?'

त्यांनी दोरी खुंट्याला गुंडाळली. गाठ नीट बसली का ते पाहिलं.

'ती माणसं चार घटका मजेत घालवायला आलीत, पोरी. त्यांच्या मांडीवर ओझं कशाला ठेवायचं? ज्या वेळी सांगायचं होतं, त्या वेळी कौतुकाने सांगता आलं असतं. आता सांगितलं तर ते नुसतं रडगाणं होईल.'

मग त्यांनी तिला जेवायला घरी नेलं. खूप दिवसांनी बापलेक एका ताटात जेवले. ताई परत आली तेव्हा मावशींना म्हणाली, की बाबांनी मला माफ केलं, पण त्याने मला हलकं नाही वाटलं. काही वर्षांनी ते गेले.

माझेही दिवस फिरले. केंद्रात मोठा पडदा आला. त्यावर डोंगर हलतात, ढग सरकतात, आणि बोट लावलं की हवं ते गाव मोठं होऊन समोर येतं. तो हुशार आहे, मला त्याचा हेवा नाही. मला मागच्या अंधाऱ्या बोळात सरकवलं. तारा कुरतडल्या गेल्या, दिवे विझले. माझ्या वाळवंटावर जुन्या माहितीपत्रकांचे खोके आले, समुद्रावर एक मोडका पंखा आला. उत्तरेच्या एका शिखराचा टवका उडाला. मावशी थकून घरी बसल्या. त्यांच्या जागी त्यांची सून कामाला लागली. नवी मुलगी, तिने मला कधी उघडं पाहिलंच नव्हतं. तिला मी म्हणजे खोके ठेवायचं टेबल वाटायचो.

माहितीताईच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. पुढच्या मोठ्या खोलीत भाषणं झाली, टाळ्या झाल्या. नंतर ती मागे आली. तिने एकेक खोका खाली उतरवला, पंखा भिंतीला लावून ठेवला आणि पदराने मला पुसलं. मग तिने त्या निळ्या जागेवर दोन्ही तळवे टेकले आणि बोलायला सुरुवात केली. समोर प्रवाशांचा घोळका उभा आहे अशाच आवाजात.

तिने सांगितलं की गाडीतून उतरलं की आधी चिंचेचं झाड दिसतं आणि त्याखाली बाकडं. तिथून नदीचा वास येतो. मग पायऱ्या. वरच्या पायरीवर एक ढेरपोटी होडी आहे, तिचा मालक खादाड असणार. तिच्या खाली दोन शिडांची, शिष्ट. एक होडी उलटी कोरलीय, ती कुणी रागाने कोरली की विनोदाने, ह्यावरून गावात अजून भांडणं होतात. सगळ्यात खालची उन्हाळ्यात पाणी उतरलं तरच दिसते, तिच्यात एक माणूस आहे आणि तो मागे वळून काठाकडे बघतोय. त्याच्या खांद्यावर बोट ठेवलं तर तो भाग गुळगुळीत लागतो, कारण आधीही पुष्कळांनी तिथेच बोट ठेवलंय. ती बोलत राहिली. घर कोणतं कुणाचं, कुणाच्या ओट्यावर सावली असते, नावाडी कुठून हाक मारली की ऐकतो. आयुष्यात तिने ह्याहून सुंदर जागा कुणाला सांगितली नव्हती.

मावशींची सून बादली घेऊन जात होती. ती थांबली होती, आणि केव्हापासून थांबली होती ते आम्हां दोघांनाही कळलं नाही. तिचे डोळे चमकत होते.

'किती छान आहे हो, ताई,' ती म्हणाली. 'सुट्टीत मुलांना घेऊन जाते. तिथे कसं जायचं?'

कोणती गाडी, कुठे उतरायचं, डावीकडे की उजवीकडे, हे जन्मभर सगळ्या जगाला सांगणारी माहितीताई. तिने तोंड उघडलं. मग मिटलं. माझ्या निळ्या रंगावरचे तिचे हात तसेच राहिले, आणि ती मुलगी उत्तराची वाट बघत उभी राहिली.

मित्रांनो, मी तुटकाफुटका नकाशा, मी तुम्हाला काय शिकवणार? तुम्ही मोठे व्हाल, जगभर फिराल, पाहुण्यांना आपला देश दाखवाल. जरूर दाखवा. पण तुमच्या आजूबाजूला अशी एखादी जागा असेल, की जिचं नाव घ्यायला तुम्हाला उगीच अवघडल्यासारखं होतं. तिला आधी नीट बघून या. तिथल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. तिची निगा राखा आणि चारचौघांत, मोठ्या आवाजात तिचं कौतुक करा. 'तिथे कसं जायचं' ह्या प्रश्नाला जोवर उत्तर आहे, तोवरच करा.